वाजणारा दगड

त्या गावात दगडावरून वाद झाला की शेवटचा शब्द म्हाताऱ्याचा. म्हातारा म्हणजे फरशांना पॉलिश करणाऱ्या पॉलिशवालीचा सासरा. सगळे त्याला कानमिस्त्री म्हणायचे, कारण हा गडी दगड डोळ्यांनी बघायचाच नाही. हातोडीनं एकदा टक् करायचा, मान तिरकी करायचा आणि सांगायचा, "घ्या हा," नाहीतर "पायरीखाली टाका, आतून गेलाय." खाणीतून काढलेला दगड धड असला तर खणखणीत वाजतो, आत चीर असली तर भद्द बोलतो. शास्त्र म्हणाल तर एवढंच. पण ते त्याच्या कानात असं मुरलं होतं की त्यानं मान हलवली की ट्रक भरायचे आणि नाक मुरडलं की भरलेले रिकामे व्हायचे. घरात मात्र सुनेची पहिली हाक त्याला कधी ऐकू आली नाही. "ह्यांच्या कानाला दगड लागतो, माणूस लागत नाही," असं सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, आणि त्यात तिळमात्र खोटं नव्हतं.

तर डोंगर फुटला. धुमसत तो वर्षानुवर्षं होता, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. फुटला तोही पलीकडच्या अंगानं, आणि गावानं सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास टाकून होतोय तोवर वितळलेल्या दगडाच्या रसाची एक जीभ उतारानं अलीकडे वळली. खाणीचा रस्ता गिळला, वजनकाट्याची खोली गिळली आणि गावाच्या शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी, पॉलिशवालीच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबली. पहिल्यांदा नुसता लाल चिखल होता. मग वर काळी साल धरली. आतला रस पुढं ढकलायचा, वरची साल मागं रेटली जायची, तिच्या वळ्या पडायच्या आणि त्या तशाच दगड होऊन बसायच्या. उन्हात ते सगळं काचेसारखं चमकायचं. पोरं म्हणायची, कुणीतरी जाड दोरखंडांचा ढीग ओतलाय.

सर्वेवाले आले, यंत्रं लावली, पिवळी फीत बांधली आणि म्हणाले, "आम्ही सांगेपर्यंत ह्यावर पाय ठेवायचा नाही." कधी सांगणार, ते काही सांगितलं नाही. इकडे खाण पलीकडे आणि खाणीवर जगणारी माणसं अलीकडे. घरोघरी माणसं हात बांधून बसली. रिकामा माणूस किती दिवस गप्प बसणार? ट्रकवाला तर रोज सकाळी फितीजवळ येऊन सर्वेवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचा. शेवटी एक दिवस तोच म्हणाला, "यंत्रं काय विचारता? आपल्याकडे कान आहे की!"

म्हाताऱ्याला एवढंच पुरे होतं. फीत उचलून तो आत गेला. सगळं गाव श्वास धरून उभं. बुटांच्या तळव्यांना ऊब लागत होती, पण चटका नव्हता. त्यानं हातोडी उचलली आणि टाकली.

खण्ण!

असा आवाज की मागच्या भिंतीवरचं मांजर उठून पळालं. म्हातारा पुढं गेला, पुन्हा मारली. खण्ण. त्याच्या पुढं, खण्ण. त्याचा चेहरा असा काही खुलला की पॉलिशवालीला क्षणभर त्यात तरुण माणूस दिसला. परत येऊन त्यानं हातोडी कमरेला खोचली आणि म्हणाला, "उभ्या जन्मात असा दगड ऐकला नाही. तळापर्यंत पक्का. आणा लोडर, करा रस्ता."

गाव नुसतं नाचायचं बाकी राहिलं. लोडर चालवायला दुसरं कोण असणार? पॉलिशवालीचा नवरा. खाणीतला सगळ्यात जड लोडर तोच चालवायचा, आणि बापाच्या कानावर त्याचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा. नशीब एवढंच की दुरुस्तीला गावात आणलेल्या त्या लोडरच्या पंपात बिघाड होता. सुटा भाग यायला वेळ लागणार होता. तो आला की काम सुरू, असं ठरलं.

आता पॉलिशवालीची गोष्ट. शेडमधे तिचं चाक खिडकीसमोर. पॉलिश करताना हात चाकावर, नजर दगडावर, पण मान वर केली की लांब खाणीतली क्रेन दिसायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तेच बघत आली होती. रस येऊन थांबला तेव्हाही काळ्या सालीच्या वर अख्खी क्रेन दिसत होती, तिची केबिन, केबिनला टांगलेला फाटका पडदा, सगळं. एक दिवस तिला पडदा दिसेना. तिला वाटलं, वाऱ्यानं गेला असेल. मग केबिनच दिसेना. क्रेनची नुसती मान दिसत होती.

ती स्टूल घेऊन त्यावर चढली. केबिन होती. पडदाही होता. खाली उतरली, दोन्ही गायब.

संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते वर येतंय."

"काय वर येतंय?"

"तो दगड. पुढं सरकत नाहीये, पण फुगतोय. माझ्या खिडकीतून क्रेन दिसेनाशी झाली."

"अगं, दिवसभर वाकून काम करतेस. तूच खाली जात असशील," तो हसत म्हणाला. भला माणूस होता. बायकोची थट्टा करायचा ती सुद्धा हात पुसायला तिला फडकं देत. "बाबांनी ऐकलंय ना? मग झालं तर."

म्हाताऱ्याला सांगायला तिनं चहाची वेळ साधली. "मामंजी, एक विचारू? दगड वर येतो का कधी?"

"काय?"

"म्हटलं, दगड वर येतो का?"

"येतो की. मी काढला की येतो." आणि स्वतःच्याच विनोदावर म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाठ थोपटायलाही तिलाच उठावं लागलं.

मग ती गप्प बसली. सांगायचं तरी किती आणि कुणाला? पण तिचं मन काही बसेना. शेडमधला नळ सोडला की पाणी कोमट यायचं. शेडच्या दाराची खालची कड जमिनीला घासायला लागली. ते दार उघडताना रोज थोडा जास्त जोर लावावा लागायचा, आणि दर वेळी तिला वाटायचं, आज शेजारणीला बोलवावं आणि दाखवावं. पण दार घासतं म्हणून कुणी गाव हलवतं का? ओलं लाकूड फुगतं, म्हणतील. रात्री काळ्या सालीच्या भेगांत कधी कधी लाली दिसायची. लोक म्हणायचे, निखारे आहेत, विझत आलेत. आणि मधेच, सगळं शांत असताना, त्या बाजूनं तडतड आवाज यायचा. गार होताना दगड तडकतो, हे तिलाही ठाऊक होतं. गावातला सगळा काळा दगड अशाच कुठल्यातरी जुन्या रसाचा, हेही ठाऊक होतं. रोज हाताखालून जायचा. वरच्या थराचा दगड छिद्राछिद्रांचा, आतला हवेचा फेस तिथंच अडकून राहिलेला. खालचा घट्ट, सावकाश निवलेला, खाणीत खांबांसारखा उभा. साल एका दिवसात धरते, पण ते खांब व्हायला किती काळ लागला असेल? म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "लागला तेवढा लागला. आपल्याला तोडायचाय, घडवायचा नाही."

पंपाचा भाग आला तो दिवस. दुपारची वेळ. सगळं गाव फितीकडे गेलं होतं. पॉलिशवाली मुद्दाम गेली नव्हती. आपण तिथं जाऊन काय करणार, डोळे मिटून उभं राहणार? त्यापेक्षा काम बरं, म्हणून तिनं एक मोठी फरशी घेतली. फरशी दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवली होती. ती सरकवताना तिच्या हातून पाना निसटला आणि फरशीवर पडला.

खण्ण.

तिनं नेहमीप्रमाणे फरशी ओल्या वाळूच्या गादीवर उतरवली, चारी बाजूंनी दाबून बसवली. हललेली फरशी पॉलिश होत नाही. बसली की नाही हे बघायला तिनं नेहमीप्रमाणे पान्यानं ठोकून पाहिलं. भद्द. म्हणजे बसली.

तिचा हात तिथंच थांबला.

ह्या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्यानं तिला खाण दाखवली होती. नव्या सुनेनं उत्साहानं कड्यावर हातोडी मारली, तर नुसता थप्प आवाज. तेव्हा तो म्हणाला होता, "वेडी आहेस का सूनबाई? खाली धरलेला दगड मुका असतो. त्याला तोड, मोकळा कर, मग ऐक." त्यानंच सांगितलं होतं! जन्मभर हा माणूस सुटलेलेच दगड वाजवत आला. बसलेला दगड वाजवायची त्याला गरजच पडली नव्हती. आणि तो नवा दगड, जमिनीवर आडवा पसरलेला, तळापर्यंत पक्का म्हणे, तो खणखण वाजत होता.

वाजत होता, म्हणजे खाली कशालाच धरलेला नव्हता. दुधावर साय असते तसा नुसता वर होता.

तेवढ्यात फितीकडून लोडर सुरू झाल्याचा आवाज आला. पॉलिशवाली चप्पल न घालता धावली.

लोडरचं पुढचं चाक फितीला टेकलं होतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. नवऱ्यानं कचकन ब्रेक मारला. "अगं, मरायचंय का?"

"खाली उतरा."

"काय झालं?"

"आधी खाली उतरा हो!"

माणसं गोळा झाली. ट्रकवाला म्हणाला, "बाई, घरचं भांडण घरी करा ना." म्हातारा गर्दीतून पुढं आला. ती त्याच्याकडे वळली. ह्या एका गोष्टीसाठी तिनं पुढं स्वतःला कधी माफ केलं नाही. त्याला बाजूला घेऊन सांगायचं होतं, कानात सांगायचं होतं. पण तेवढी उसंत कुणाला होती? तिनं चारचौघांत, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं विचारलं, कारण हळू विचारलेलं त्याला ऐकू येत नसे.

"मामंजी, न तोडलेला दगड वाजतो का?"

पहिल्याच हाकेला म्हाताऱ्यानं ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिनं पाहिला. त्याला कळलं होतं. कळायला त्याला तिच्यापेक्षा कमी वेळ लागला. एका शब्दानं तो "नाही" म्हणाला असता, तर सगळे घरी गेले असते आणि फार तर ट्रकवाला महिनाभर हसला असता.

पण कानमिस्त्रीनं गावासमोर आपल्या कानाला खोटं कसं म्हणावं? त्यानं घसा साफ केला. "बघतो," म्हणाला. "पुन्हा एकदा बघून येतो. अरे," त्यानं मुलाला हाक मारली, "मी हात वर करीपर्यंत चाक पुढं टाकायचं नाही. आणि कुणी माझ्यामागं यायचं नाही."

"मामंजी, नका जाऊ. तुम्हाला माहितीये."

"सूनबाई," तो हळूच म्हणाला, "माझ्या सांगण्यावरून पोरगं जायला निघालं होतं ना? मग मला बघायला नको?"

आणि तो गेला. हातोडी टाकत, एकेक पाऊल टाकत. खण्ण. खण्ण. जितका आत जाईल तितका आवाज गोड होत होता, आणि पॉलिशवालीला तो गोडवा सोसवत नव्हता. बराच आत, वळ्यांच्या उंचवट्यावर, तो गुडघ्यावर बसला. दगडाला तळहात लावला आणि झटक्यात मागं घेतला. मग कान जवळ नेला. बराच वेळ ऐकत राहिला. उठला तेव्हा त्यानं दोन्ही हात आडवे हलवले आणि ओरडला, "मागं घ्या! लोडर मागं घ्या, सगळे मागं व्हा!"

नवऱ्यानं लोडर मागं घेतला, आणि त्याच वेळी साल बोलली. खणखणाट नाही, भद्दही नाही. कुठलीतरी जाड गोष्ट आतून फाटावी तसा आवाज. फितीच्या पलीकडे, म्हातारा आणि गाव ह्यांच्या मधे, एक भेग धावत गेली. तिच्यातून लाल रस वर आला, काठावर क्षणभर थांबला आणि गल्लीच्या उताराला लागला.

"बाबा!" नवरा पुढं धावला. पॉलिशवालीनं त्याला कमरेला धरलं. ट्रकवाल्यानंही धरलं. दोघांना मिळून तो आवरत नव्हता. भेगेच्या कडेची हवा अशी तापली होती की पापण्यांचे केस चुरचुरत होते. पलीकडे म्हातारा उभा होता, मग धुरानं तोही दिसेना.

मग हातोडी वाजायला लागली.

टक-टक, टक-टक. न थांबता. खाणीत सुरुंग पेटवला की रुळाच्या तुकड्यावर हीच खूण वाजवत. ती ऐकली की गावातलं शेंबडं पोरसुद्धा हातातलं टाकून पळतं, विचारत बसत नाही. खालच्या गल्लीत म्हातारी माणसं होती, झोपलेली बाळं होती, फितीकडे न आलेल्या बायका होत्या. त्यांना रस दिसत नव्हता. पण तो वाजणारा दगड सगळ्या गल्लीला ऐकू गेला. दारं उघडली. कुणी तव्याखालचा विस्तवही विझवला नाही. माणसं चढाकडे पळाली. रस चालत्या माणसाच्या गतीनं खाली येत होता, आणि म्हाताऱ्यानं त्यांना तेवढाच वेळ दिला.

पॉलिशवाली नवऱ्याला ओढत चढावर घेऊन गेली. टक-टक, टक-टक. आतला रस बाहेर वाहून जात होता, आणि मधली साल हळूहळू खाली बसत होती. तिला ते दिसलं. धुराच्या वर निघालेले उंचवटे एकेक करून खचत होते. नवरा विचारत होता, "वाजतंय ना? अजून वाजतंय ना?" ती म्हणत होती, "हो. वाजतंय." वाजत होतं तोपर्यंत ती खरंच बोलत होती. त्यानंतर दोनदा खोटं बोलली.

गल्लीतलं एकही माणूस दगावलं नाही. घरं गेली, पॉलिशची शेड गेली, चाक गेलं.

रस पुन्हा निवला. गल्ली होती तिथं काळी टेकडी झाली, माथ्यावर लांब भेग असलेली, आणि पलीकडे साल खचली होती तिथं मोठा खळगा. सर्वेवाले येऊन जात राहिले. ह्या वेळी फितीला कुणी हात लावला नाही. नवऱ्यानं पॉलिशवालीला एका शब्दानं दुखवलं नाही. कधी तरी दुखवावं, ओरडावं, असं तिला वाटायचं. तो फक्त थट्टा करेनासा झाला.

मग सर्वेवाल्यांनी एक दिवस फीत काढली. म्हणाले, निवलाय, रस्ता करायला हरकत नाही. कागदही दिला. लोडर आला, नवरा वर बसला, ट्रकवाला, शेजारीपाजारी, सगळे आले. आणि कुणीच पुढं सरकेना. सगळे पॉलिशवालीकडे बघत होते.

"यंत्रांनी सांगितलंय ना?" ती म्हणाली.

"यंत्रांनी सांगितलंय," ट्रकवाला खाली बघत म्हणाला. "तू सांग."

नवऱ्यानं सीटखालून हातोडी काढली. म्हाताऱ्यानं वापरायची सोडलेली जुनी, दांडा बदललेली. तिच्या हातात दिली.

ती दगडावर चढली. पहिली हातोडी मारायला तिला धीर होईना. मारली.

थप्प.

एक पाऊल पुढं. थप्प. मुका. तळापर्यंत धरलेला. तिनं मागं वळून नवऱ्याला हातानं बोलावलं, "या." लोडर घरघरत दगडावर चढला आणि ती त्याच्या चाकांच्या पुढं चालत राहिली, खळग्याच्या दिशेनं, एकेक घाव टाकत. प्रत्येक घावाला तिला भीती वाटत होती की आता वाजेल. खळग्याच्या मधोमध आल्यावर मात्र, देवाशप्पथ, तिला मनापासून वाटलं की एकदा, एकदाच वाजावा. ती खाली बसली आणि तिनं पुन्हा पुन्हा मारून पाहिलं. मागं लोडर थांबला. नवरा खाली उतरून तिच्याजवळ येऊन बसला.

"काय म्हणतोय?" त्यानं विचारलं.

"काही नाही म्हणत," ती म्हणाली, आणि दोघंही रडायला लागले.